घडीचे घर आडवाटेवर

अमेरिकेतील उपनगरांत एखाद्या घराच्या अंगणात ताडपत्रीने झाकलेली, कमरेइतक्या उंचीची, चाकांवरची एक पेटी पुष्कळदा दृष्टीस पडते. तिला तेथे ‘पॉपअप कॅम्पर’ म्हणतात. दांडा फिरविला की पोलादी तारा आणि कप्प्यांच्या साहाय्याने तिचे छत वर उचलले जाते, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर सरकतात, मध्ये कापडी भिंती ताणल्या जातात आणि पाच-सहा माणसांच्या निजण्याची सोय होते. कंदील व शेगड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोलमन कंपनीच्या नावाने 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशी घरे विकली जाऊ लागली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांना मोटारीमागे जोडून नेता येईल असे सुट्टीतले बिऱ्हाड मिळाले.

मात्र ही घरे घडविली गेली ती डांबरी रस्त्यासाठी आणि नळ व विजेची सोय असलेल्या मुक्कामांसाठी. त्या देशाच्या पश्चिम भागातील चित्र वेगळे आहे. ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या केंद्रीय खात्याच्या ताब्यात सुमारे 24.5 कोटी एकर सार्वजनिक भूमी आहे. तिच्यातील बऱ्याच भागात सामान्यतः 14 दिवसांपर्यंत विनामूल्य राहता येते. तेथे नळ नाही, वीज नाही, कचरापेटी नाही. वाटही खडीची आणि खाचखळग्यांची. जुने पॉपअप कॅम्पर स्वस्तात घेऊन ते या आडवाटांसाठी नव्याने घडविण्याची हौस त्यातूनच वाढली. या कामात काय बसवावे याची चर्चा फार होते. पण काम यशस्वी होते ते काय बसवू नये हे ज्याला कळले त्याचेच.

आधी सांगाडा, मग शृंगार

जुन्या कॅम्परचा खरा शत्रू म्हणजे गळके पाणी. छताच्या सांध्यातून झिरपलेले पाणी लाकडी तळ आतून कुजविते आणि वरचे आच्छादन मात्र चकचकीत दिसते. म्हणून कोपऱ्यांत टोचा खुपसून लाकूड पाहावे. खालचा लोखंडी सांगाडा गंजला आहे का, जोडकामाला तडे आहेत का, छत उचलणाऱ्या तारांचे धागे तुटले आहेत का, हे तपासावे. टायरची नक्षी नवी दिसली तरी त्याचे वय बाजूवरच्या चार अंकांत असते. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षांपलीकडचा टायर आडवाटेवर नेणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

उंचीचे गणित

छोटी चाके आणि जमिनीलगतचा तळ दगडावर आपटतो. ॲक्सल पोलादी पाट्यांच्या कमानींच्या वर बसविलेले असेल, तर ते कमानींच्या खाली घेतल्याने घर सुमारे 10 ते 12 सेंटीमीटर उंच होते आणि मोठी चाके बसू शकतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुष्कळ ॲक्सल मध्यभागी किंचित वर उचललेले असतात. ते नुसते उलटे फिरविले तर चाके तिरपी होऊन टायर झिजतात. म्हणून ॲक्सल त्याच दिशेने ठेवून कमानीसाठी नव्या बैठका जोडाव्या लागतात आणि हे जोडकाम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. शिवाय घर जितके उंच, तितका त्याचा तोल नाजूक, याचेही भान ठेवावे.

वजन : न दिसणारा प्रवासी

उंची वाढली, चाके मोठी झाली, तरी ॲक्सलची भार पेलण्याची क्षमता तीच राहते. ती पत्र्याच्या पट्टीवर लिहिलेली असते आणि तिच्या आतच सर्व संसार बसवावा लागतो. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. त्यात पेट्या, अवजारे, जादा चाक यांची भर पडली की मर्यादा कधी ओलांडली हे समजतही नाही. एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार पुढच्या जोडणीवर असावा. तो मागे सरकला तर वेगात घर शेपटीसारखे डोलू लागते आणि मोटारीलाही आपल्याबरोबर रस्त्याबाहेर ओढते. म्हणून निघण्यापूर्वी भरलेले घर वजनकाट्यावर नेणे अपरिहार्य आहे.

सौर पॅनेलच्या बाबतीतही हाच विवेक हवा. छत उचलणाऱ्या तारा मोजक्याच वजनासाठी असतात; त्यावर जड पॅनेल कायमचे बसविण्यापेक्षा घडीचे पॅनेल जमिनीवर मांडणे सोयीचे. घर सावलीत आणि पॅनेल उन्हात, हा त्याचा आणखी एक लाभ.

विजेचा जमाखर्च

100 अँपिअर-अवर क्षमतेच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे 1,280 वॉट-अवर वीज साठते. तिचे वजन तेवढ्याच क्षमतेच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी भरते. बारा व्होल्टचा छोटा फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला साधारण 500 वॉट-अवर घेतो. दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फोन मिळून आणखी 250 ते 300. चांगल्या उन्हात 200 वॉटचे पॅनेल जवळजवळ तेवढीच भरपाई करते आणि एखादा ढगाळ दिवस साठ्यावर निभावतो. पण याच बॅटरीवर वातानुकूलन यंत्र चालवू पाहिले तर ती तासाभरातच रिकामी होते. गोठणबिंदूखाली ही बॅटरी भारित करू नये, हेही थंड प्रदेशात विसरू नये.

पाणी, अग्नी आणि मागे उरणारे

पिणे व स्वयंपाक यांसाठी माणशी दररोज चार लिटर पाणी धरले, तर चौघांना तीन दिवसांसाठी 48 लिटर लागते, धुण्या-विसळण्याचे वेगळे. प्रेशर कुकरमध्ये एकदम शिजणारा वरण-भात येथे गॅस आणि पाणी दोन्ही वाचवितो. भांडी विसळलेले पाणी ओढ्या-तळ्यापासून किमान 60 मीटर दूर टाकावे आणि कचरा आपल्याबरोबर परत न्यावा.

कापडी भिंती आहेत म्हणून आतली हवा खेळती राहील, हा समज मात्र घातक आहे. बंद घरात गॅसची शेगडी ऊब मिळविण्यासाठी पेटविल्यास गंधहीन कार्बन मोनॉक्साइड झोपेतच प्राण घेतो. त्याची सूचना देणारे यंत्र पलंगाच्या जवळ असावे. प्रोपेन वायू हवेपेक्षा जड असल्याने त्याचे सूचक यंत्र जमिनीलगत लावावे. दोन्ही यंत्रांची मुदत तपासावी.

पहिला मुक्काम दूरच्या वाळवंटात न करता घरापासून तासाभराच्या अंतरावर, नळ आणि विजेची जोडणी न घेता करावा. संध्याकाळी बॅटरीत किती वीज उरली आणि सकाळी टाकीत किती पाणी राहिले, हे लिहून ठेवावे. परतल्यावर जी वस्तू पेटीतून बाहेरच निघाली नाही, ती उतरवून घरी ठेवावी. दोन-तीन मुक्कामांत घर बरेच हलके होते आणि मगच ते लांबच्या वाटेला लागण्यास योग्य ठरते.