पाण्याचा पारा आणि बासचं आमिष

फेब्रुवारीत लाल, मे महिन्यात पांढरं, जुलैत गडद जांभळं, ऑक्टोबरात पुन्हा पांढरं आणि डिसेंबरात काळं-तपकिरी. पूर्व टेक्ससच्या तलावांवर लार्जमाउथ बास गरवणाऱ्याची आमिषांची पेटी वर्षभर अशी बदलत जाते. नवख्याला वाटतं, सगळी किमया रंगातच आहे. खरं तर रंगाचा विचार सगळ्यात शेवटी येतो. आधी पाण्याचं तापमान, त्यावरून मासा किती खोल असेल याचा अंदाज, मग आमिष किती वेगानं ओढायचं ते, आणि एवढं ठरल्यावर रंग. हा क्रम डोक्यात बसला की दुकानातल्या शेकडो आमिषांतून काय उचलायचं ते आपोआप कळू लागतं.

डॅलसपासून गाडीनं साधारण दीड तासावर लेक फोर्क आहे, सुमारे २७ हजार एकरांचा. ह्यूस्टनच्या ईशान्येला सॅम रेबर्न, एक लाख एकरांहून मोठा. दोन्ही धरणांचे जलाशय. पाण्याखाली जुन्या ओढ्यांची पात्रं, बुडालेली झाडं, खुंट, गवत असं सगळं तसंच आहे आणि बासला हेच हवं असतं. टेक्ससमधला विक्रमी बास १९९२ च्या जानेवारीत लेक फोर्कमध्येच मिळाला, १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंचा. जागतिक विक्रम मात्र १९३२ सालचा, जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी यांचा, २२ पौंड ४ औंसांचा. २००९ साली जपानमधल्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली.

या माशाला बास म्हणत असले तरी तो सनफिश कुळातला आहे. मिटल्या तोंडाचा वरचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, त्यावरून तो ओळखता येतो. हा पाठलाग करून दमणारा मासा नाही. गवताच्या कडेला किंवा खुंटाच्या सावलीत तो दबा धरून राहतो, सावज टप्प्यात आलं की तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट त्याला आत ओढून घेतो. ही ओढ क्षणभराची असते आणि आत आलेली वस्तू खाण्याजोगी वाटली नाही तर ती तितक्याच झटपट बाहेर टाकली जाते. म्हणून आमिषाच्या स्पर्शाला महत्त्व आहे. शिवाय अंगावरच्या पार्श्वरेषेनं त्याला पाण्यातली थरथर जाणवते, त्यामुळे गढूळ पाण्यातही तो नेम धरू शकतो. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, लाल आणि हिरवा टिपणाऱ्या. कारखानदार रंगांच्या पन्नास छटा काढतात, त्यातल्या बऱ्याचशा माणसाच्या डोळ्यांसाठी असतात, असं माझं मत आहे.

बास शीतरक्ती आहे. पाणी गार असलं की त्याचा चयापचय मंदावतो, भूक कमी होते आणि लांबवर धावणं त्याला परवडत नाही. पाणी तापलं की भूक वाढते, पण ऊबदार पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी राहतो. वर्षभराची सगळी हालचाल या दोन गोष्टींभोवती फिरते.

फेब्रुवारीत पाणी १० ते १३ अंश सेल्सिअसला येतं आणि पोटात अंडी असलेल्या माद्या खोल पात्रांतून उथळाकडे सरकू लागतात. मधल्या टप्प्यावर, पाच ते आठ फुटांत, त्या गवताच्या कडांना थांबतात. हे गवत बहुतेक ठिकाणी हायड्रिला असतं. आपण शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात उलट्या नरसाळ्याखाली ठेवायचो, तीच ही वनस्पती. मत्स्यालयांच्या व्यापारातून ती १९५० च्या दशकात फ्लोरिडात पोचली आणि पुढे दक्षिणेतल्या तलावांत पसरली. इथे लाल रंगाचा, ओठ (म्हणजे पुढे निघालेली प्लास्टिकची पट्टी) नसलेला क्रँकबेट लागतो. पोकळ, चपट्या माशासारखं हे आमिष, पोटात गोळ्या असल्यामुळे ओढताना खुळखुळतं. लुइझियानातल्या बिल लुइस यांचं रॅट-एल-ट्रॅप हे यातलं सगळ्यात गाजलेलं. लाल रंगाचं कारण क्रॉफिश, म्हणजे नांग्या असलेला, गोड्या पाण्यातला कोळंबीचा भाऊबंद. या दिवसांत बासचं ते आवडतं खाणं.

पण हे आमिष नुसतं ओढून फारसं काही हाती लागत नाही. ते फेकायचं, बुडू द्यायचं आणि गवताचे शेंडे घासत राहतील इतक्याच वेगानं रील फिरवायचं. मध्येच ते गवतात अडकतं. रॉडच्या टोकावर जड, ओलं वजन आल्यासारखं वाटतं. अशा वेळी रील थांबवून रॉडला एक तुटक हिसका द्यायचा. गवताचा तंतू तुटतो, आमिष सुटून पुढे उसळतं, आणि बहुतेक वेळा बास नेमका त्याच क्षणी झडप घालतो. घाबरून निसटणारं सावज समोरून गेलं की त्याला विचार करायला वेळ उरत नाही. फेब्रुवारीतलं सगळं कसब या एका हिसक्यात आहे.

मार्च-एप्रिलमध्ये पाणी १५-१६ अंशांवर गेलं की वीण सुरू होते. नर शेपटीनं तळ झाडून ताटासारखा गोल खळगा करतो, मादी अंडी घालून जाते आणि राखण नरच करतो. या दिवसांत खळग्यावरचा नर जवळ येणाऱ्या कशावरही धावून जातो, त्यामुळे तो पकडणं सोपं असतं. टेक्ससमध्ये त्याला कायद्यानं मनाई नाही. तरी मला ते पटत नाही. नर उचलला की ब्लूगिलसारखे छोटे मासे काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. खळग्यांपासून लांब, अजून भटकत असलेल्या माशांसाठी सेन्को पुरेसं आहे. गॅरी यामामोटो यांनी बनवलेली ही साधी, जाड पेन्सिलीएवढी प्लास्टिकची कांडी. प्लास्टिकमध्ये मीठ मिसळल्यामुळे ती जड होते आणि शिशाशिवाय बुडते. मधोमध गळ टोचून सोडली की दोन्ही टोकं थरथरत ती हळूहळू खाली जाते. आपण फक्त दोरा सैल सोडायचा.

प्लास्टिकच्या गांडुळाचा मान याहून मोठा आहे. ओहायोतल्या ॲक्रन गावच्या निक क्रीम यांनी १९४९ साली ते बनवलं. पुढे त्यांचा कारखाना टेक्ससमधल्या टायलर गावी आला, आणि गांडूळ गळावर लावायची जी पद्धत जगभर गेली तिचं नाव टेक्सस रिग. ती नीट समजून घेण्याजोगी आहे. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं सात ग्रॅमचं वजन आधी दोऱ्यात ओवायचं, टोक वर. मग मानेपाशी वाकडा केलेला मोठा गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात जेमतेम अर्धा सेंटिमीटर खुपसून बाजूनं बाहेर काढायचं, गळ पुढे ओढत मान डोक्यात बसवायची आणि गळ अर्धा फिरवायचा. आता गांडूळ गळाशेजारी सरळ धरून टोक जिथे टेकेल तिथून आत घालायचं आणि प्लास्टिकच्या आतच लपवायचं. गांडूळ सरळ लोंबलं पाहिजे. किंचित जरी आखडलं तरी पाण्यात गरगर फिरतं, दोऱ्याला पीळ बसतो आणि मासा संशय घेतो. टोक लपलेलं असल्यामुळे ही रचना झाडाच्या फांद्यांतून, गवतातून न अडकता जाते. मासा लागल्याची खूण बारीक असते, दोऱ्यावर एखादी टिचकी किंवा दोरा आपोआप बाजूला सरकणं. मग दोऱ्यातला सैलपणा चटकन गुंडाळून जोरात हिसका द्यायचा, म्हणजे टोक प्लास्टिक फाडून जबड्यात रुततं. वर्षातल्या बाराही महिन्यांत कामी येणारं एकच आमिष निवडायचं झालं तर मी हेच निवडीन.

एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात शॅड या चंदेरी माशांची वीण पहाटे काठालगत चालते आणि बास त्यांच्या मागे येतो. तेव्हा पांढरा स्पिनरबेट हवा. वाकवलेल्या तारेच्या एका टोकाला झालर लावलेला गळ, दुसऱ्या टोकाला फिरणारी धातूची पाती. पातं गोलसर असेल तर ते पाण्यात दणदण थरथर उठवतं, म्हणून गढूळ पाण्यात आणि मंद ओढीला बरं. विलोच्या पानासारखं लांबट पातं चमक जास्त देतं आणि वेगात चालतं, ते नितळ पाण्यासाठी. ऊन वर आलं की हा खेळ आटोपतो.

जूनमध्ये गवत पृष्ठभागावर येऊन त्याची चटई होते. तिच्यावरून ओढायला पोकळ रबरी बेडूक असतो, त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले, त्यामुळे तो गवतात अडकत नाही. महाराष्ट्रात मरळ गरवणाऱ्यांना हे लगेच उमगेल, कारण मरळही अशाच पाणवेलींखाली राहते आणि बेडकावर तुटून पडते. इथे विणलेला जाड दोरा लागतो, मासा गवतासकट ओढून काढावा लागतो. आणि एक पथ्य आहे. पाणी फुटल्याबरोबर हिसका द्यायचा नाही. बेडूक दिसेनासा होऊन दोऱ्यावर वजन येईपर्यंत थांबायचं.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी ३० अंशांच्या पुढे जातं. तलावात थर पडतात. वर ऊबदार आणि प्राणवायूचं पाणी, खाली गार पण प्राणवायूला तुटपुंजं. बास या सीमेच्या वर, बुडालेल्या उंचवट्यांवर आणि जुन्या पात्रांच्या कडांवर, बारा ते वीस फुटांत टोळीनं राहतो. आता मोठ्या ओठाचा क्रँकबेट लागतो. ओढताना या ओठावर पाण्याचा दाब येतो आणि आमिष तोंड खाली करून बुडतं. ओठ जितका लांब आणि जितका पुढे निघालेला, तितकं ते खोल जातं. दोरा बारीक असेल तर आणखी दोन-तीन फूट खोली मिळते. फेक लांब हवी, कारण पूर्ण खोलीवर पोचायलाच बरंच अंतर लागतं. तळाला किंवा खुंटाला ओठ आपटून आमिष बाजूला उडतं तेव्हाच मासा लागतो, म्हणून ते आपटलंच पाहिजे. क्रँकबेटला प्रतिसाद मिळेनासा झाला की दहा इंची जांभळं गांडूळ त्याच जागी सावकाश तळावरून ओढायचं.

सप्टेंबरअखेर पाणी निवू लागलं की शॅडचे थवे ओढ्यांच्या मुखांत शिरतात. या दिवसांत पहाटे सिगारसारखं लांबट, पृष्ठभागावर तरंगणारं आमिष फार सुख देतं. रॉडचं टोक खाली धरून ताल धरून छोटे झटके दिले की ते डावीकडे-उजवीकडे झुलत येतं. मूळच्या मिशिगनमधल्या हेडन कंपनीचं झारा स्पूक हे त्याचं जुनं, भरवशाचं रूप. दिवस चढला की पांढऱ्या स्पिनरबेटकडे वळायचं.

डिसेंबर-जानेवारीत पाणी १० अंशांखाली उतरतं. गारठ्यानं शॅड अर्धमेले होऊन लटपटत बुडतात, आणि बासला कमी श्रमात मिळणारं तेच अन्न. इथे जर्कबेट कामी येतो, लांब, सडपातळ मासा, ओढणं थांबवलं की न बुडता, न तरंगता जागच्या जागी राहणारा. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं, दहा सेकंद, कधी वीस. एक बारकावा लक्षात ठेवावा. गार पाणी जास्त घन असतं, त्यामुळे उन्हाळ्यात स्थिर राहणारं आमिष हिवाळ्यात वर येऊ लागतं. पोटाखाली धातूची छोटी पट्टी चिकटवली की ते पुन्हा स्थिर होतं. या सडपातळ आमिषांचा पूर्वज फिनलंडचा. लौरी रापाला यांनी १९३६ साली बुचाच्या लाकडाचा मासा कोरून त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली होती. ढगाळ, गार दिवसांत खोल झाडांपाशी काळी-तपकिरी झालरीची जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ, तळावर इंच-इंच सरकवणं हा दुसरा मार्ग. जिगचा मानही मोठा आहे. टेक्ससच्या वन्यजीव विभागानं १९८६ साली १३ पौंडांवरचे बास प्रजननासाठी घेण्याची शेअरलंकर योजना सुरू केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लेक फोर्कमध्ये मार्क स्टीव्हनसन यांना मिळालेली १७.६७ पौंडांची एथेल ही या योजनेतली पहिली मादी, आणि ती जिगवरच लागली होती.

डॅलस-ह्यूस्टन परिसरातल्या मराठी कुटुंबांना हे करून पाहायचं असेल तर सुरुवातीला पेटीत चार वस्तू पुरेत: टेक्सस रिगची गांडुळं, पांढरा स्पिनरबेट, लाल ओठविरहित क्रँकबेट आणि पाण्याचं तापमान मोजायचा साधा तापमापक. १७ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्यांना सहसा मासेमारीचा परवाना लागतो, पण टेक्ससच्या राज्य उद्यानांत काठावरून गरवताना तो लागत नाही, त्यामुळे मुलांना घेऊन तिथूनच सुरुवात करावी. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांच्या मधला बास परत सोडावाच लागतो. तो हात ओला करून धरा, मोठा असेल तर पोटाखाली दुसरा हात द्या, आणि फाटलेली प्लास्टिकची गांडुळं पाण्यात न टाकता खिशात घालून घरी आणा.