भांडण मिटवणाऱ्या पेशी

४ जून २०२१. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या नवी मुंबईतल्या केंद्रात, एका रुग्णाला त्याच्याच रक्तातल्या टी पेशी परत चढवण्यात आल्या. मधल्या काळात पवईच्या आयआयटीत प्रा. राहुल पुरवार यांच्या चमूने घडवलेल्या तंत्राने त्या पेशींना कॅन्सर ओळखायला शिकवलं होतं. भारतातला हा पहिला कार-टी उपचार. रुग्णांची बाजू डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन यांच्यासारख्या टाटाच्या डॉक्टरांनी सांभाळली. 'नेक्सकार१९' या नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मंजुरी मिळाली.

प्रत्यक्ष उपचार पाहायला गेलात तर निराशाच होईल. गोठवलेली छोटीशी पिशवी वितळवतात, सलाइनसारखी लावतात, थोड्या वेळात ती रिकामी होते. पेशी गोठवताना घातलेल्या रसायनामुळे खोलीत लसणासारखा वास रेंगाळतो, एवढंच.

खरी गंमत त्याच्या आधीच्या दिवसांत आहे. पेशी देण्यापूर्वी रुग्णाला फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोची औषधं देतात. त्यांचं मुख्य काम कॅन्सर मारण्याचं नसतं. रुग्णाच्या शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट पेशी कमी करायच्या असतात, आणि त्यांत नकोशा असतात त्या नियामक टी पेशी. डॉक्टर मंडळी त्यांना 'टी-रेग' म्हणतात.

चाळीत भांडण जुंपलं की एखादे आजोबा मध्ये पडून सगळ्यांना घरी पाठवतात. टी-रेगचं काम तेच. फरक इतकाच, की कॅन्सरसारखा चोर या आजोबांच्याच आडोशाला उभा राहतो.

या पेशी शोधल्या जपानच्या शिमोन साकागुची यांनी. शरीरात 'दाबणाऱ्या' पेशी असतात ही कल्पना तेव्हा बदनाम झालेली होती. त्या विषयात राहणं म्हणजे करिअरवर पाणी सोडणं. साकागुची मात्र हटले नाहीत. १९९५ मध्ये त्यांनी सीडी२५ ही खूण असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या आणि दाखवलं, की त्या नसल्या तर उंदराची प्रतिकारशक्ती त्याच्याच अवयवांवर उलटते. २००१ मध्ये मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी खवलेदार कातडीच्या, अल्पायुषी उंदरांच्या एका जातीत बिघडलेलं जनुक पकडलं: फॉक्सपी३. हेच जनुक बिघडलेल्या मुलग्यांना आयपेक्स नावाचा गंभीर आजार होतो. टी-रेग घडतात त्या याच जनुकामुळे, हे पुढे स्पष्ट झालं. तिघांना २०२५चं नोबेल मिळालं.

कॅन्सरच्या गाठीत टी-रेग गर्दी करतात. टी पेशींच्या वाढीला लागणारं इंटरल्युकिन-२ त्या स्वतःच शोषून घेतात, शिवाय सीटीएलए-४ या रेणूच्या जोरावर इतरांना थोपवतात. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं ते अशाच थोपवणाऱ्या रेणूंना अडवण्याच्या कल्पनेसाठी. या रेणूंना अडवणारी औषधं सुरू असताना काहींना आतड्याचा दाह होतो, थायरॉइड बिघडतं, ते काही योगायोगाने नाही.

आपल्याकडचा प्रश्न मात्र आधी खिशाचा. तंबाखूने होणारा तोंडाचा कॅन्सर घरोघरी माहीत, पण निव्होलुमॅब या अशाच एका औषधाचा पूर्ण डोस परवडणारे किती? टाटाच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष यांनी नेहमीच्या डोसच्या दहा टक्क्यांहून कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, देऊन पाहिलं. सोबत स्वस्त तोंडी औषधं. डोकं-मान कॅन्सरच्या १५१ रुग्णांच्या या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं भारतीय कॅन्सर संशोधनातलं हे सर्वांत उपयोगी काम. कार-टीएवढा गाजावाजा त्याच्या वाट्याला आला नाही.

कार-टीनेही किंमत खाली आणली. अमेरिकेत तीन-चार कोटींचा उपचार इथे त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शात होतो, आणि चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. पण हे यश रक्ताच्या कॅन्सरमधलं. घट्ट गाठींपुढे कार-टी अजून अडखळते, आणि त्या गाठींत दबा धरलेल्या टी-रेग हे त्याचं एक कारण.

पण म्हणून टी-रेग काही सरसकट खलनायक ठरत नाहीत. अर्धवट जुळणाऱ्या नातलगाची अस्थिमज्जा दिली, तर दात्याच्या टी पेशी रुग्णाच्या शरीरावरच तुटून पडू शकतात. तिथे याच पेशी हव्या असतात. त्यासाठी प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोठ्या डोसमध्ये पुन्हा सायक्लोफॉस्फामाइडच देतात. चवताळलेल्या टी पेशी त्याने मरतात. या झुंजीत सक्रिय झालेल्या टी-रेगजवळ मात्र ते औषध निष्प्रभ करणारं विकर भरपूर असल्याने त्या बऱ्याच प्रमाणात तगतात.