लॅक्स्टनचे उघडे शिवार

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात, न्यूअर्क शहराच्या वायव्येस लॅक्स्टन हे छोटेसे खेडे आहे. शिवार उंचसखल आहे आणि माती तांबूस, चिकण, पाणी धरून ठेवणारी. पावसाळी हिवाळ्यात या मातीत औत घालणे कठीण होते, मात्र गहू चांगला येतो. गावातून जाणाऱ्या रस्त्याला लागूनच शेतकऱ्यांची विटांची घरे आहेत. अनेक घरांचा त्रिकोणी भिंतीचा अरुंद भाग रस्त्याकडे असतो, मागे खळे, गोठे आणि त्यांच्याही मागे लांबट परसू. इंग्लंडमध्ये इतरत्र शेतकऱ्याचे घर बहुधा त्याच्या जमिनीच्या मधोमध एकटे उभे असते. लॅक्स्टनचे शेतकरी गावात राहिले, कारण त्यांची जमीन एका जागी नाही. ती शिवारभर विखुरलेली आहे.

गावाची पहिली ठळक नोंद १०८६ च्या डूम्सडे पाहणीत सापडते. नॉर्मन सरदारांनी गावाच्या उत्तरेला मातीचा उंच बुरूज आणि त्याभोवती खंदक-तटबंदी उभारली. वरचे बांधकाम नाहीसे झाले, पण गवताने झाकलेला तो टेकाडासारखा बुरूज आजही नजरेत भरतो. पुढे गाव एव्हरिंगहॅम घराण्याकडे आले. शेरवूडच्या राजवनाची राखण त्यांच्याकडे होती, त्यामुळे लॅक्स्टनला आकारापेक्षा मोठे वजन लाभले. सेंट मायकेलच्या चर्चमध्ये या घराण्याच्या कबरींवरील मूर्ती आहेत. त्यांपैकी एका स्त्रीची मूर्ती ओक लाकडात कोरलेली असून इतक्या जुन्या लाकडी मूर्ती क्वचितच टिकल्या आहेत.

मात्र लॅक्स्टनचे खरे मोल त्याच्या शेतीत आहे. मिल फील्ड, साउथ फील्ड आणि वेस्ट फील्ड अशी तीन विस्तीर्ण शिवारे इथे आहेत. त्यांच्या आत कुंपण नाही, झुडपांची वई नाही. प्रत्येक शिवाराचे लांबट पट्टे पाडलेले असून एकेका शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शिवारांत इथे-तिथे पसरलेले असतात. दोन शेजाऱ्यांच्या पट्ट्यांमध्ये फार तर नांगराची एक सरी असते. अशा वाटपामुळे कसदार जमीन एकाच्या वाट्याला आणि पाणथळ दुसऱ्याच्या, असे होत नाही. एका शिवारात शरदात पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक, तिसरे पडीक, असा तीन वर्षांचा फेर चालतो. पडीक वर्षी पूर्वी गावची जनावरे तिथे चरत. आता त्या वर्षी बहुधा चाऱ्याचे पीक घेतात. नांगर चालणार नाही अशा ओलसर वा उताराच्या जागा गवताखाली ठेवतात, आणि त्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो.

मध्ययुगात मध्य इंग्लंडमधील असंख्य गावांची शेती अशीच होती. नंतर जमिनी एकत्र करून कुंपणे घालण्याची लाट आली. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी ५,२०० हून अधिक कायदे केले. सामाईक चराई गेली आणि असंख्य गरीब कुटुंबांचा आधार तुटला. लॅक्स्टनमध्येही बरीच जमीन कुंपणाखाली गेली, पण गाभ्यातले सुमारे ५०० एकर उघडे राहिले. मोठे जमीनमालक एकापेक्षा अधिक होते आणि छोट्या खातेदारांचे पट्टेही त्यांत मिसळलेले होते, त्यामुळे अदलाबदलीचा व्यवहार जुळणे सोपे नव्हते.

या शिवाराचे १६३५ मधील रूप नकाशावर पाहता येते. तत्कालीन मालक सर विल्यम कोर्टीन यांच्यासाठी मार्क पिअर्स या मोजणीदाराने तो काढला आणि आज तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. प्रत्येक पट्टा आणि त्याचा धारक त्याने नोंदला, शिवाय नांगरणी, कापणी आणि ससाण्याने केलेली शिकार यांची बारीक चित्रेही रंगवली. त्या काळच्या कष्टकरी माणसांना कागदावर इतकी जागा क्वचितच मिळाली असेल. हे कोर्टीन लंडनचे बडे व्यापारी होते. ईस्ट इंडिया कंपनीशी स्पर्धा करणाऱ्या ज्या मंडळींची गलबते कॅप्टन जॉन वेडेल यांच्या हाताखाली १६३६ मध्ये गोव्याला आली, त्यांना भांडवल पुरवणारे हेच गृहस्थ. गलबते पोचण्याआधीच ते वारले.

उघडे शिवार निव्वळ सवयीने टिकत नाही. शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा सामाईक गवतात नांगर थोडा सरकवण्याचा मोह कायमचा असतो, आणि बांध कोरणारा दरवर्षी वीतभर पुढे सरकला तरी रस्ता नाहीसा होतो. त्यावरचा उपाय म्हणजे गावची ‘कोर्ट लीट’ ही जुनी न्यायसभा. नोव्हेंबरच्या अखेरीस गावकऱ्यांतून नेमलेले पंच गव्हाच्या शिवारात उतरतात. हातात खुंट्या आणि हातोडा असतो. नांगरणीची हद्द कुठे संपायला हवी हे पाहून ते खुंट्या ठोकतात, कोणी रस्त्यावर किंवा गवतावर चाल केली असेल तर टिपून घेतात. पुढच्या आठवड्यात गावच्या डव्हकोट इन या खानावळीत ही न्यायसभा भरते, दंड ठरतो आणि नव्या पंचांना शपथ दिली जाते. दंडाच्या रकमेपेक्षा शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाणे माणसाला अधिक लागते. १९७७ च्या कायद्याने देशातील अशा जुन्या न्यायसभांचे अधिकार संपुष्टात आणले, लॅक्स्टनची सभा मात्र अपवाद म्हणून राखली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे एकत्र जोडून त्यांची संख्या घटवण्यात आली, ट्रॅक्टर आल्यावर ते उपयोगी ठरले. १९३८ मध्ये ऑर्विन दांपत्याने या शेतीवर ग्रंथ लिहिला आणि अभ्यासकांचे लक्ष गावाकडे वळले. १९५२ मध्ये तत्कालीन मालक अर्ल मॅनव्हर्स यांनी ही जमीन कृषी मंत्रालयाला विकली. खासगी खरेदीदारांच्या हाती तिचे तुकडे पडण्याचा धोका त्यामुळे टळला. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅनव्हर्स यांच्याच पिअरपाँट घराण्याच्या वारसांकडे परतली. शेतकरी कुळे म्हणून जमीन कसतात, आणि घर-गोठ्यासोबत तिन्ही शिवारांतले पट्टेही त्यांच्या खंडात येतात.