प्रशिक्षक पास की नापास?

१५ जुलै २०२४ ची पहाट. आमच्या वस्तीतील एका घरात रात्री साडेबारापासून दूरदर्शन संच चालू होता. बर्लिनला युरोपियन फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि वस्तीतील पोरे दाटीवाटीने बसून तो पाहत होती. स्पेनने इंग्लंडला २-१ असे हरविले. ८६ व्या मिनिटाला ओयारझाबालने गोल केला आणि सगळे संपले. पडद्यावर इंग्लंडचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट खाली मान घालून चालताना दिसले.

कॉलेजात जाणारा एक मुलगा म्हणाला, "काका, फेल गेला हा माणूस. दोन फायनलला गेला, दोन्ही हरला."

दुसऱ्या पाळीचे काम आटोपून थेट सामन्याला येऊन बसलेले त्याचे काका म्हणाले, "अरे, त्याच्याआधी पन्नास वर्षांत फायनलपर्यंत गेला तरी कोण होता?"

वाद पहाटेपर्यंत चालला आणि मिटला नाही. दुसऱ्याच दिवशी, १६ जुलैला, साउथगेट यांनी राजीनामा दिला, तेव्हा तो पुन्हा पेटला. आम्हाला वाटते, दोघांचेही थोडे थोडे बरोबर होते. परंतु राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला पास किंवा नापास म्हणण्यापूर्वी आपण कोणत्या मापाने मोजतो आहोत, हे दोघांनीही ठरविले नव्हते.

टक्केवारीचा फसवा हिशेब

पहिले सोपे माप म्हणजे टक्केवारी. किती सामने खेळले, किती जिंकले? या हिशेबाने इंग्लंडचा सर्वांत थोर प्रशिक्षक कोण ठरेल, ठाऊक आहे? सॅम अॅलर्डाइस! २०१६ साली त्यांच्या हाताखाली संघ एकच सामना खेळला, स्लोव्हाकियाविरुद्ध, आणि तो १-० असा जिंकला. शंभर टक्के! त्यानंतर एका वर्तमानपत्राने केलेल्या छुप्या चित्रीकरणाचे प्रकरण निघाले आणि त्यांना पद सोडावे लागले.

बरे, एका सामन्याचे सोडून देऊ. इटलीहून आलेले फाबियो कापेलो यांनी ४२ पैकी २८ सामने जिंकून दिले, म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक. परंतु २०१० च्या विश्वचषकात, खऱ्या परीक्षेच्या दिवशी, जर्मनीने त्यांच्या संघाला ४-१ असे धुऊन काढले. याउलट ज्यांनी १९६६ साली इंग्लंडला एकमेव विश्वचषक मिळवून दिला, ते आल्फ रॅमसी ११३ पैकी ६९ सामने जिंकले. म्हणजे ६१ टक्के. साउथगेट १०२ पैकी ६१ जिंकले, म्हणजे जवळजवळ ६०. रॅमसी आणि साउथगेट यांच्या टक्केवारीत फारसे अंतर नाही. परंतु एकाच्या हाती विश्वचषक, तर दुसऱ्याचे हात रिकामे!

आणि ज्या रॅमसींनी विश्वचषक आणला, त्यांचे पुढे काय झाले? ऑक्टोबर १९७३ मध्ये वेम्ब्लीच्या मैदानावर पोलंडशी १-१ अशी बरोबरी झाली, त्यामुळे पुढच्या विश्वचषकाची पात्रता हुकली आणि १९७४ साली त्यांना काढून टाकण्यात आले. म्हणजे केवळ चषकाचे माप लावायचे तर एकच माणूस आठ वर्षांत थोरही ठरतो आणि नालायकही!

म्हणून आम्ही चार साधे प्रश्न सुचवितो.

पहिला प्रश्न : हाती काय मिळाले?

साउथगेट यांनी २०१६ च्या शेवटी सूत्रे घेतली, तेव्हा इंग्लंडच्या संघाची अवस्था काय होती? २०१४ च्या विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत गारद. २०१६ च्या युरोपियन स्पर्धेत आइसलंडसारख्या चिमुकल्या देशाकडून १-२ असा पराभव. २००६ साली इक्वेडोरला हरविल्यानंतर मोठ्या स्पर्धेतील बाद फेरीचा एकही सामना संघाने जिंकला नव्हता. पडक्या घराच्या किल्ल्या त्यांच्या हाती दिल्या गेल्या, असे म्हणावे लागेल.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या घराच्या परसात चांगली रोपे वाढत होती. २०१७ साली आपल्या देशात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. नवी मुंबईच्या मैदानावरही त्याचे सामने झाले, हे आमच्या काही वाचकांना आठवत असेल. कोलकात्याच्या अंतिम सामन्यात स्पेनला ५-२ असे हरवून इंग्लंडच्या मुलांनी तो चषक जिंकला. त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला फिल फोडेन पुढे साउथगेट यांच्याच संघात खेळला. तेव्हा गुणी खेळाडू मिळाल्याचे सारे श्रेय एकट्या प्रशिक्षकाला देता येत नाही.

दुसरा प्रश्न : काय दुरुस्त केले?

इंग्लंडचे जुने दुखणे म्हणजे पेनल्टीचे शूटआउट. १९९०, १९९६, १९९८, २००४, २००६, २०१२, असे सहा वेळा मोठ्या स्पर्धेतून ते याच मार्गाने बाहेर पडले. १९९६ साली उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध ज्याची पेनल्टी हुकली, तो खेळाडू होता स्वतः गॅरेथ साउथगेट.

पेनल्टी म्हणजे नशिबाचा खेळ, असे म्हणून तिथले लोक मोकळे होत असत. साउथगेट यांनी तसे म्हटले नाही. त्यांनी तिचा सराव करून घेतला. कोण मारणार, कोणत्या क्रमाने मारणार, चेंडू ठेवल्यावर घाई न करता श्वास कसा घ्यायचा, हे सारे आधी ठरविले. २०१८ च्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध इंग्लंडने विश्वचषकातील आपले पहिले शूटआउट जिंकले. २०२४ साली स्वित्झर्लंडविरुद्ध पाचही पेनल्टी जाळ्यात गेल्या. ज्याला सगळे नशीब म्हणत होते, ते शिकता येते आणि शिकविता येते, हे त्यांनी दाखविले. १२ वर्षे बाद फेरीत एकही विजय नसलेल्या संघाने त्यांच्या काळात विश्वचषक व युरोपियन स्पर्धा मिळून बाद फेरीचे ९ सामने जिंकले.

तिसरा प्रश्न : निर्णायक घडीला काय केले?

इथे मात्र गुण कापावे लागतात. २०१८ च्या उपांत्य सामन्यात क्रोएशियाविरुद्ध पाचव्याच मिनिटाला गोल झाला. त्यानंतर संघ हळूहळू मागे सरकला आणि जादा वेळेत १-२ असा हरला. २०२१ च्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल झाला. पुन्हा तेच. आघाडी राखण्यासाठी संघ मागे दबला आणि ६७ व्या मिनिटाला इटलीने बरोबरी साधली. मिळालेले गमावू नये, या भीतीने जो खेळतो त्याच्या हातून मिळालेलेही जाते.

त्याच सामन्यात रॅशफोर्ड आणि सांचो या दोघांना अगदी शेवटच्या मिनिटाला, जवळजवळ केवळ पेनल्टीसाठी, मैदानात उतरविले गेले. पाचवी पेनल्टी १९ वर्षांच्या साकाकडे दिली. तिघांच्याही हुकल्या. पेनल्टीचा एवढा अभ्यास करणाऱ्या माणसाची ही चूक होती, असे आमचे मत आहे. कॉलेजातला तो मुलगा जे म्हणत होता, त्यात इतके तथ्य निश्चित आहे.

चौथा प्रश्न : पराभवाच्या रात्री कोठे उभा राहिला?

हा प्रश्न गुणतक्त्यात कधीच दिसत नाही, परंतु आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रॅशफोर्ड, सांचो आणि साका हे तिघेही काळे. ११ जुलै २०२१ च्या त्या रात्री त्यांच्या वर्णावरून त्यांना घाणेरड्या शिव्या देण्यात आल्या. जिंकेपर्यंत जे 'आमचे' होते, ते हरताच परके झाले! जन्मावरून हिणविले जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

साउथगेट काय म्हणाले? पेनल्टी कोणी मारायची हे मी ठरविले, तेव्हा जबाबदारी माझी आहे, असे त्यांनी सांगितले. शिव्या देणाऱ्यांचा त्यांनी उघड निषेध केला. आणि हे त्या एका रात्रीचे नव्हते. स्पर्धेपूर्वी खेळाडू वर्णद्वेषाच्या निषेधार्थ मैदानावर गुडघा टेकत असत, तेव्हा स्वतःच्याच देशातील काही प्रेक्षक त्यांची हुर्यो उडवत. साउथगेट यांनी देशवासीयांना खुले पत्र लिहून समतेविषयी बोलणे हे आपल्या खेळाडूंचे कर्तव्य आहे, असे ठामपणे सांगितले. मालकाची मर्जी सांभाळण्यासाठी हाताखालच्या माणसावर ढकलून मोकळे होणारे साहेब आपण कामाच्या ठिकाणी रोज पाहतो. म्हणून या वागण्याचे मोल आम्हाला अधिक वाटते.

आपल्या घरचे उदाहरण

हेच चार प्रश्न आपल्या देशाच्या एका प्रशिक्षकाला लावून पाहू. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून पराभव झाला, तोही १०-१! बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत होते. त्या दिवशी कोणी म्हटले असते, हा माणूस नापास, काढून टाका, तर त्याला खोटे ठरविणे कठीण होते.

परंतु १९५६ साली मेलबर्नला भारत ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पोहोचला. आशियातील कोणताही संघ त्यापूर्वी तिथपर्यंत गेला नव्हता. नेव्हिल डिसोझा या मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या खेळाडूने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. हिशेब सरळ ठेवायचा तर हेही सांगितले पाहिजे की हंगेरीने माघार घेतली होती आणि चौथा क्रमांक एकच सामना जिंकून मिळाला होता. १९६२ साली जकार्ताला पहिला सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा गमावला. त्याच कोरियाला अंतिम सामन्यात २-१ असे हरवून सुवर्णपदक आणले. डोक्याला दुखापत झालेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला रहीम यांनी आघाडीला खेळविले आणि त्यानेच एक गोल केला. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. जून १९६३ मध्ये ते गेले.

त्यानंतर काय? १९६० नंतर आपला पुरुष संघ ऑलिम्पिकमध्ये खेळलेला नाही. आशियाई स्पर्धेतील शेवटचे पदक १९७० चे, तेही कांस्य. इथे दोष कोणाचा? इंग्लंडमध्ये प्रशिक्षक बदलले, पण खालून मुले तयार होत राहिली. आपल्याकडे एक शिक्षक गेला आणि वर्गच ओस पडला. वर्ग चालू ठेवणे हे संघटनेचे काम होते. पुढे आलेल्या प्रत्येक प्रशिक्षकाच्या माथी पराभव मारून ते काम झाले, असे होत नाही.

मग निकाल काय? साउथगेट पास आहेत, असे आम्ही म्हणू. परंतु पहिला नंबर त्यांना मिळणार नाही. शेवटची पायरी त्यांच्याने चढवली नाही, आणि ती न चढण्यात त्यांच्या भित्र्या खेळाचा वाटा होता. रहीम मात्र १०-१ च्या दिवसासकट पहिल्या वर्गात पास.

पुढच्या स्पर्धेत घरातली मुले कोणा प्रशिक्षकाला नापास करू लागली, की त्यांना हे चार प्रश्न जरूर विचारा. हाती काय मिळाले? काय दुरुस्त केले? निर्णायक घडीला काय केले? पराभवाच्या रात्री कोठे उभा राहिला? उत्तरे देता देता वाद थोडा लांबेल. लांबू द्या. आणि जूनमध्ये त्याच मुलांचे निकाल घरी येतील, तेव्हा टक्क्यांचा आकडा पाहून आवाज चढविण्यापूर्वी त्यातला पहिला प्रश्न आपण मोठ्यांनीही स्वतःला विचारावा.