बिग स्टारसाठी थांबलेला स्वार

ऑलिंपिकमध्ये स्त्रिया आणि पुरुष एकाच पदकासाठी समोरासमोर उतरतात, आणि पन्नाशी उलटलेला खेळाडू विशीतल्याला हरवू शकतो, तो खेळ घोडेस्वारीचा. त्यातली अडथळ्यांवरून उड्या घेण्याची स्पर्धा, म्हणजे शो जंपिंग, मला सर्वांत निर्दय वाटते. अडथळे १.६५ मीटरपर्यंत उंच. खूर जरासा घासून दांडी पडली, की चार दंडगुण. कारकीर्द स्वाराच्या नावावर लागते, पण चालते घोड्याच्या पायांवर. इंग्लंडच्या निक स्केल्टनकडे पाहिले की हे नीट कळते.

स्केल्टनचा जन्म १९५७चा, वॉरिकशायरमधल्या बेडवर्थचा. स्वार टेड एडगर यांच्या तबेल्यात तो घडला. १९७८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात लास्टिक या घोड्यावरून त्याने सात फूट सात इंचांहून उंच उडी घेतली आणि ब्रिटिश विक्रम केला. १९८७ ते १९८९ अशी सलग तीन वर्षे इंग्लंडमधल्या हिकस्टेडची डर्बी स्पर्धा जिंकली, १९९५ मध्ये डॉलर गर्ल या घोडीवर जागतिक चषकही मिळवला. सोल ऑलिंपिकपासून मात्र पदकाने त्याला सतत हुलकावणी दिली.

सप्टेंबर २०००मध्ये तो घोड्यावरून पडला आणि मान मोडली. डॉक्टरांनी पुन्हा घोड्यावर बसायला मनाई केली. २००१ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या एका तज्ज्ञाने हाड जुळल्याचे सांगितले आणि तो परतला. हे धाडस होते, यात शंका नाही. तरी माझ्या मते त्याचे खरे मोठेपण पुढे दिसले.

२०१२ला लंडनमध्ये बिग स्टार या देखण्या घोड्यावर त्याला सांघिक सुवर्ण मिळाले. ब्रिटनला हे सुवर्ण ६० वर्षांनी मिळत होते. वैयक्तिक पदक शेवटच्या फेरीतल्या एका दांडीने हुकले. पुढच्या वर्षी या जोडीने जर्मनीतल्या आखनची ग्रां प्री स्पर्धा जिंकली आणि मग बिग स्टारचा पाय दुखावला. पुढची दोन-अडीच वर्षे बहुतेक उपचारांत गेली. स्वाराचे वय साठीकडे झुकलेले, कमरेचा सांधाही बदललेला. घाई करायला कारणे भरपूर होती. त्याने घोड्याला वेळ दिला.

१९ ऑगस्ट २०१६. आपण सारे बॅडमिंटनच्या सिंधू-मारिन अंतिम सामन्यात गुंतलो होतो, त्याच दिवशी रिओ ऑलिंपिकमध्ये शो जंपिंगची वैयक्तिक अंतिम फेरी झाली. सहा स्वार निर्दोष ठरले, म्हणून घड्याळावरची जादा फेरी. स्पर्धेआधी स्वार मैदानात पायी फिरून अंतरे मोजतात. माणसाची चार पावले म्हणजे घोड्याची साधारण एक ढांग. पुढे दोन अडथळ्यांमध्ये एक ढांग वाचवायची, की दांडी सांभाळायची, हे घोड्याच्या पाठीवर क्षणात ठरवायचे असते. स्केल्टनला सर्वांत आधी उतरावे लागले, म्हणजे कुणाची वेळ गाठायची हे ठाऊक नाही. त्याने वळणे आखूड घेतली, दांडी एकही पडली नाही, वेळ ४२.८२ सेकंद. उरलेल्या पाच जणांपैकी कुणालाही ती मोडता आली नाही. स्वीडनचा पेडर फ्रेड्रिकसन निर्दोष राहिला, पण अर्ध्या सेकंदाने मागे पडला. शो जंपिंगमधले ब्रिटनचे हे पहिले वैयक्तिक सुवर्ण, तेही वयाच्या ५८व्या वर्षी.

२०१७ मध्ये त्याने बिग स्टारबरोबरच निवृत्ती घेतली. दुसरा घोडा घेऊन खेळत राहणे त्याला शक्य होते. त्याने तो घेतला नाही.