विचारलंच नव्हतं कुणी

माझी फुफी नांदगाव पेठेत आमच्याच घरी राहायची. फुफी म्हणजे आत्या. लग्नानंतर चार-पाच वर्षांतच ती माहेरी परत आली. कापसाच्या दिवसांत ती पहाटे ओटी बांधून लोकांच्या वावरात वेचणीला जायची आणि संध्याकाळी चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून कंबरेला लावायची. आम्ही पोरं विचारायचो, तेव्हा म्हणायची, ‘‘कुछ नहीं बेटा, कमर दुखती.’’ तिच्या अंगावरून जातं, हे फक्त अम्मीला ठाऊक होतं. अम्मीनं एकदा दवाखान्याचं नाव काढलं. फुफी म्हणाली, ‘‘औरत की जात को ये रहताच है.’’ अब्बांपर्यंत ही गोष्ट पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. १९९१ साली फुफी गेली.

पुढे काही वर्षांनी डॉ. राणी बंग यांच्या कामाविषयी वाचलं आणि फुफीचं ते वाक्य पुन्हा आठवलं. आम्ही वऱ्हाडातले, कापसाच्या मुलखातले. गडचिरोली विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाला, धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात. पण बायकांचं गप्प राहणं दोन्हीकडे सारखंच.

राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या, स्त्रीरोगतज्ज्ञ. पती डॉ. अभय बंग यांच्यासह अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि दोघांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. त्या काळी सरकारी आरोग्य यंत्रणेच्या लेखी खेड्यातली बाई दोनच वेळा दिसायची. एक, ती गरोदर असताना आणि दुसरी, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करायची असताना. मधल्या साऱ्या आयुष्यात तिच्या शरीराचं काय होतं, हे कुणी मोजलंच नव्हतं.

बंग यांनी ते मोजलं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या तेरा वर्षांवरील ६५० मुली व स्त्रिया या अभ्यासात सहभागी झाल्या. नुसती प्रश्नावली भरून घेतली नाही. बोलणं झालं, अंतर्गत तपासणी झाली, प्रयोगशाळेतल्या चाचण्या झाल्या. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. सरासरी काढली तर एकेका बाईला साडेतीनहून अधिक रोग. त्यांतले निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे. आणि याआधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया किती? अवघ्या ८ टक्के.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो आणखी एक आकडा. या स्त्रियांपैकी ४५ टक्के जणींची काही तक्रारच नव्हती. म्हणजे ‘तक्रार नाही’ याचा अर्थ ‘आजार नाही’ असा होत नाही. काही आजारांची लक्षणं कळतच नाहीत. काही वेळा मात्र बाई त्रासालाच बाईपण समजून बसते. मग ती तक्रार तरी कशाची करणार?

या अभ्यासानं जगाचं लक्ष वेधलं. १९९४ साली कैरोला लोकसंख्येवर जागतिक परिषद झाली. स्त्रीचं प्रजनन आरोग्य हा तिचा हक्क आहे, केवळ लोकसंख्या आवरण्याचं साधन नाही, ही भूमिका तिथं मान्य झाली. हा विचार ज्या अभ्यासांच्या बळावर उभा राहिला, त्यांत वसा आणि अमिर्झाचं नाव घेतलं जातं.

बंग दांपत्यानं पुढे हीच रीत नवजात बाळांसाठी वापरली. गावातल्याच बायकांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास अडला तर मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, हे सारं त्या बाळंतिणीच्या घरीच करू लागल्या. ३९ गावांत तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ साली हे प्रसिद्ध झालं आणि २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशाताईंकडे आलं.

मागच्या वर्षी आमच्या घरी नात झाली. आशाताई आल्या की मी सवयीनं उठून ओट्यावर जायचो. एकदा मनात आलं, अब्बाही असेच उठून जायचे. मी परत आत गेलो आणि म्हणालो, ‘‘बाळाचं झालं की सूनबाईंचंही बघा. आणि हिचंही.’’ बायको आधी रागावली. पण तपासणीला गेली.

अंगावरून पांढरं जाताना घाण वास येत असेल, खाज असेल, शरीरसंबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त दिसत असेल, तर ते बाईच्या जातीला ‘राहतच’ नसतं. तो आजार असू शकतो. त्याची तपासणी आहे, उपचारही आहेत. तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी काही त्रास नसतानाही करून घ्यावी. सरकारच्या आरोग्य कार्यक्रमात तिची तरतूद आहे.

मी आयुष्यभर आईवर, मातीवर कविता लिहिल्या. फुफीच्या कंबरेवरची ती वीट रोज पाहिली, पण तिची कंबर का दुखते, हे घरातल्या एकाही पुरुषानं कधी विचारलं नाही. तुमच्या घरात विचारून बघा. ती ‘कुछ नहीं’ म्हणाली, तर पुन्हा एकदा विचारा.