रात्रीचें विमान आणि घरची वाट

आमच्या वाचकांत आतां असें घर विरळा कीं, ज्यांतील एखादा मुलगा, मुलगी, निदान भाचा तरी लंडनास किंवा न्यूयॉर्कास नाहीं. मुलगी बाळंत व्हावयाची म्हणजे आई तिकडे जाऊन राहते. नाताळच्या सुटींत नातवंडें इकडे येतात. तिकिटें, व्हिसा, सामानाचें वजन यांची चर्चा घरांत महिनाभर चालते. मात्र विमान उतरल्यापासून घराचा उंबरठा ओलांडीपर्यंतचे चारपांच तास, आणि त्यानंतरचे चारपांच दिवस, यांचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. सर्व प्रवासांत खरी जोखीम आहे ती तेथेंच, असें आम्हांस वाटतें.

परदेशाहून येणारीं पुष्कळ विमानें मुंबईस मध्यरात्रीच्या सुमारास उतरतात. पारपत्राची रांग व सामान आटोपून बाहेर येईतों दोन वाजतात. बाहेर वडील मंडळी उभी असते. ती सकाळीं सहास उठलेली, दिवसाचीं कामें उरकून पुण्याहून मोटार हांकीत आलेली, आणि आतां त्याच मोटारींतून लगोलग परत निघणार! १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉसन व रीड या संशोधकांनीं दाखविलें कीं, सलग सतरा तास जागलेल्या मनुष्याच्या लक्षाची व हाताची अचूकता, रक्ताच्या शंभर मिलिलिटरांत ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या मनुष्याइतकी खालावते. आपल्या मोटारकायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमांची आहे. ज्यांनीं जन्मांत मद्यास स्पर्श केला नाहीं असे आमचे सोंवळे काका पहांटे तीनला खंडाळ्याचा घाट चढतात, तेव्हां त्यांच्या जागरणाचे एकवीस तास भरलेले असतात. २००२ पासून पूर्णपणें खुला झालेला हा द्रुतगतिमार्ग पाऊणशेंहून अधिक मैल नव्हे, तर सुमारें साठच मैलांचा. पण त्याचे सरळ, एकसुरी पट्टे पेंगणाऱ्या डोळ्यांस अंगाईसारखे वाटतात.

“बाबा, तुम्ही थकलांत, मी चालवितों,” असें मुलगा म्हणतो. हें प्रेम खरें, पण स्वीकारण्यासारखें नाहीं. त्याला धड झोंप मिळून एक दिवस उलटून गेलेला असतो; शिवाय अमेरिकेंत उजव्या बाजूनें मोटार चालविण्याची संवय जडलेली. कांच उघडणें, मोठ्यानें गाणीं लावणें, या उपायांनीं झोंप जात नाहीं, ती लपते. आमच्या मतें, ती रात्र पार्ल्यास किंवा दादरास आप्तांकडे काढावी आणि सकाळीं इंद्रायणीनें अथवा डेक्कन एक्सप्रेसनें पुणें गांठावें. भाड्याची मोटार करावयाची तर दिवसां झोंप झाली आहे ना, हें चालकास निःसंकोचपणें विचारावें. आणि वाटेंतच डोळे मिटूं लागले तर खालापूरच्या उपाहारगृहांपाशीं मोटार लावून कॉफी घ्यावी व वीस मिनिटें खुशाल झोंपावें. घरीं फोन करून उशीर कळविला म्हणजे झालें.

आतां घरची गोष्ट. जेट लॅग म्हणजे केवळ जागरणाचा शीण, असा पुष्कळांचा समज असतो. नागपुराहून रात्रभर आगगाडीनें आलें तरी शीण येतो, पण तो एका झोंपेनें उतरतो. हा उतरत नाहीं, कारण येथें शरीराचें घड्याळच परमुलखांत राहिलेलें असतें. १७२९ सालीं फ्रान्समध्यें द मेरां नांवाच्या खगोलशास्त्रज्ञानें लाजाळूचें रोप अंधारांत ठेवलें, तरी त्याचीं पानें दिवसां उघडत व रात्रीं मिटत. आपल्या मेंदूंत, नेत्रांचे मज्जातंतू एकमेकांस छेदतात त्याच्या किंचित् वर, सुमारें २०,००० पेशींचें असेंच घड्याळ आहे. तें पूर्वेकडील प्रवासानंतर दिवसास सुमारें एक तासच पुढें सरकतें, आणि त्यास सरकविणारा मुख्य हात प्रकाशाचा.

परंतु हा हात दोन्ही बाजूंस ढकलतो, हें घरच्यांस ठाऊक नसतें. हिवाळ्यांत लंडनहून आलेल्या पाहुण्यास आजी सकाळीं सातला उठवून म्हणते, “कोंवळ्या उन्हांत फिरून ये, बरें वाटेल.” त्या वेळीं त्याच्या शरीरांत रात्रीचा दीड वाजलेला असतो. शरीराच्या मध्यरात्रीं डोळ्यांवर पडलेलें ऊन घड्याळ पुढें न नेतां उलट मागें लोटतें! म्हणून पहिल्या दिवशीं त्यास साडेदहा-अकरापर्यंत पडद्याआड राहूं द्यावें, मग भरपूर उजेडांत बाहेर काढावें. पुढें रोज ही वेळ तासाभरानें अलीकडे आणावी. अमेरिकेहून येणाऱ्यांचा प्रश्न बिकट आहे. तेथें दिवस व रात्र यांची जवळजवळ अदलाबदलच होते, आणि कित्येकांचें घड्याळ पुढें न येतां मागें सरकत सरकत जुळतें. त्यांस आठवडा, कधीं त्याहूनही अधिक, द्यावाच लागतो.

पोटाचें व यकृताचेंही घड्याळ असतें आणि तें मेंदूच्या मागून आपल्या चालीनें येतें. पहिल्या दुपारींच पुरणपोळीचा आग्रह करणाऱ्या काकूंनीं हें ध्यानांत घ्यावें. मऊ भात, मेतकूट, ताक एवढें पुरे. रात्रीं तीनला भूक लागून कोणी स्वयंपाकघरांत खुडबुड करूं लागलें तर रागावूं नये. थोडें दूध द्यावें आणि दिवा मंदच ठेवावा.

वृद्धांविषयीं दोन शब्द. इन्सुलिन व रक्तदाबाच्या गोळ्या यांच्या वेळा कशा बदलाव्यात, हें निघण्यापूर्वींच वैद्यास विचारून लिहून घ्यावें. घरीं आल्यावर कांहीं दिवसांत, आठवड्यांतही, एकाच पायाची पोटरी सुजून दुखूं लागली किंवा एकाएकीं धाप लागली, तर “प्रवासाचा त्रास” म्हणून तेल चोळीत बसूं नये. तडक रुग्णालय गांठावें. तासन् तास बसून राहिल्यानें रक्ताची गुठळी होण्याचा संभव असतो.

राहिलीं भेटीस येणारीं नातलग मंडळी. त्यांस शनिवारीं उतरलेल्या पाहुण्याच्या घरीं रविवारचें नव्हे, पुढच्या रविवारचें बोलावणें करावें.